सलाइनमधून आयर्न : चिठ्ठीवर तीन नावं आहेत, निवडायचं कसं?

अबोली_फुले

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, आज धागा काढायची वेळ आली.

हिमोग्लोबिन ७.९, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा सांगणारी तपासणी) ४, वजन ५८ किलो. कारण माहीत आहे : गर्भाशयात फायब्रॉइड (गाठी) आहेत आणि पाळीला रक्त फार जातं. गोळ्यांचे तीन प्रकार करून झाले. पहिलीने पोट गच्च, दुसरीने दिवसभर मळमळ. तिसरी एक दिवसाआड घेतली, ती सोसली, पण चार महिन्यांत हिमोग्लोबिन जेमतेम अर्धा ग्रॅम वर. आता डॉक्टर म्हणतात सलाइनमधून घ्या. चिठ्ठीवर तीन नावं आहेत : आयर्न सुक्रोज, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, फेरिक डेरिआयसोमाल्टोज. वर म्हणाले, "तिन्ही चांगली आहेत, तुम्हाला सोयीचं पडेल ते सांगा." घरातल्या पडद्यांचा रंग निवडायलासुद्धा कुणी मला इतकं मोकळं सोडलं नव्हतं.

हाल असे की जिन्याच्या मधल्या वळणावर कठडा धरून उभं राहावं लागतं. रात्री पोटऱ्यांत काहीतरी सरपटतंय असं वाटतं, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. आणि बर्फ! फ्रीजरमधला ट्रे मी उभ्या उभ्या कडाकडा चावून संपवते. घरचे हसतात.

तर, यातलं 'स्ट्राँग' कुठलं? सुरक्षित कुठलं? ज्यांनी घेतलंय त्यांनी सांगा.

शेंडेफळ

बर्फाचं वाचून दचकलेच. मी पण खाते! मला वाटायचं उकाड्यामुळे. म्हणजे हेही आयर्न कमी असल्याचंच का? उद्याच फेरिटिन करते.

काठावरचा

राग मानू नका, पण चार महिन्यांत गोळ्यांवरून थेट सुईवर? एक दिवसाआड घेतल्याने जास्त शोषलं जातं असं संशोधन आहे ना? शिवाय माझ्या मामींना खूप वर्षांपूर्वी आयर्नच्या इंजेक्शनने अशी रिअ‍ॅक्शन आली होती की दोन दिवस दवाखान्यात. तेव्हापासून आमच्या घरात ते नाव काढत नाहीत.

जुनी_परिचारिका

मी डे-केअर वॉर्डात चौदा वर्षं हेच करते आहे, म्हणून आधी डोळ्यांसमोरचं सांगते. तिन्ही औषधं दिसायला सारखीच : वायलमध्ये काळपट तपकिरी, सलाइनमध्ये मिसळलं की गंजलेल्या पाण्याचा रंग. पेशंटला तिथे बसून फरक कळतो तो वेळेचा आणि खेपांचा.

सुक्रोज एका वेळी साधारण २०० मिग्रॅ देतो, अर्धा तास धरा, आणि एक दिवसाआड किंवा आठवड्यातून दोन-तीनदा यावं लागतं. कार्बोक्सिमाल्टोज एका वेळी जास्तीत जास्त १००० मिग्रॅ, पंधरा मिनिटांत बाटली संपते, पुढचा डोस निदान आठवड्याने. डेरिआयसोमाल्टोज वजनावर जातं, किलोमागे २० मिग्रॅपर्यंत एका बैठकीत. हजारच्या आत असेल तर वीसेक मिनिटं, वर गेलं तर अर्धा तास. तिन्हींनंतर अर्धा तास बसवून ठेवतो. त्या अर्ध्या तासात जो पेशंट "मला बरं वाटतंय, मी निघते" म्हणतो, त्याच्याकडेच माझं जास्त लक्ष असतं.

अबोलीताई, तुमच्या शिरा कशा आहेत? हा प्रश्न कुणी विचारत नाही. इतकं रक्त कमी असलेल्या बायकांच्या शिरा बारीक झालेल्या असतात. सुक्रोजच्या सात-आठ खेपा म्हणजे सात-आठदा सुई, आणि चौथ्या खेपेपासून शीर शोधायला मलाच घाम फुटतो.

गणितवाला

किती लागेल ते आधी काढू, निवड त्याच्यानंतर. गँझोनीचं १९७० सालचं सूत्र अजून चालतं :

वजन × (हवं असलेलं हिमोग्लोबिन − आत्ताचं) × २.४ + ५००

ताईंसाठी ५८ × (१५ − ७.९) × २.४ = ९८८. त्यात साठ्याचे ५००. म्हणजे १४८८, व्यवहारात १५०० मिग्रॅ.

तो २.४ कुठून आला याची मला फार दिवस खाज होती. रक्त वजनाच्या ७ टक्के धरलंय, हिमोग्लोबिनमध्ये लोह ०.३४ टक्के, बाकी एककांची फिरवाफिरव. बस. कुणी मोठी प्रयोगशाळा लागलेली नाही त्याला.

आता गंमत बघा. सुक्रोज : १५०० भागिले २०० म्हणजे आठ खेपा. कार्बोक्सिमाल्टोज : १००० आणि ५००, दोन खेपा. डेरिआयसोमाल्टोज : ५८ × २० = ११६०, म्हणजे एका बैठकीत १५०० बसत नाही, तिथेही दोनच खेपा! 'एका बैठकीत काम' हा मुद्दा ७५ किलोच्या माणसाला लागू, तुम्हाला नाही. तेव्हा शेवटच्या दोघांत खेपांवरून निवड होत नाही, दुसरं काही शोधावं लागेल.

(काही देशांत परवान्यातले आकडेच वेगळे आहेत. अमेरिकेत कार्बोक्सिमाल्टोज ७५०-७५० असं आठवड्याच्या अंतराने देतात. तुमच्या चिठ्ठीवर वेगळं दिसलं तर घाबरू नका.)

अबोली_फुले

गणितवाला, हे मला शाळेत कुणी असं शिकवलं असतं तर!

काठावरचा, राग कसला. गोळ्यांनी जमलं असतं तर मलाही आनंदच होता. पण प्रत्येक पाळीला जितकं जमवलं तितकं जातं. मामींचं वाचून मात्र पोटात गोळा आला.

फुरसतीतली_डॉक्टर

फिजिशियन आहे, ड्यूटी संपवून लिहिते आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. आणि हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी नाही, त्यांना काय विचारायचं ते कळावं म्हणून.

आधी काठावरचा यांच्या दोन शंका. गोळी घेतली की काही तासांत यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि ते आतड्याचं दार जवळजवळ एक दिवस ओढून घेतं. दुसऱ्या दिवशीची गोळी त्या अर्धवट मिटलेल्या दारावर आपटते. म्हणून एक दिवसाआड. ताईंनी ते केलंच आहे. आपलं शरीर एरवी दिवसाला १ ते २ मिग्रॅ लोह शोषतं, तूट असताना थोडं जास्त. पण लालपेशींच्या दर मिलिलिटरमागे १ मिग्रॅ लोह बाहेर जातं. निरोगी बाईचं पाळीत ८० मिली रक्त गेलं तर साधारण ३०-३५ मिग्रॅ गेलं, म्हणजे महिनाभर शोषलेलं सगळं एका पाळीत सांडलं. आणि ८० मिली ही जास्त रक्तस्रावाची सुरुवात समजतात. तळ गळका आहे आणि नळाची धार बारीक, गोळ्यांचा त्यात दोष नाही.

मामींचं : तेव्हाचं औषध बहुधा जड रेणूंचं आयर्न डेक्सट्रान. जुन्या काळातली बरीचशी भीती त्याचीच आहे. अमेरिकेच्या बाजारातून ते २००९मध्ये गेलं. हलक्या रेणूंचं डेक्सट्रान अजून आहे, ते बरंच सुरक्षित आहे आणि त्याच्याआधी थोडं देऊन बघतात. नव्या औषधांना असा टेस्ट डोस लागत नाही. युरोपीय औषध संस्थेने २०१३मध्ये स्पष्टच सांगितलं की टेस्ट डोस द्यायचा नाही, कारण तो पचला म्हणजे पुढचा पचेलच असं नसतं. त्याऐवजी रिअ‍ॅक्शन सांभाळता येणारी माणसं आणि साधनं हाताशी हवीत, आणि अर्धा तास लक्ष. मामींचा प्रसंग मात्र त्यांच्या फाइलवर ठळक लिहिलेला असू द्या, त्यांना पुन्हा गरज पडली तर डॉक्टरांना तो कळायलाच हवा. ज्यांना दमा किंवा बऱ्याच औषधांची अ‍ॅलर्जी आहे त्यांनीही आधी सांगायला हवं.

'स्ट्राँग कुठलं' याचं उत्तर : कुठलंच नाही. आत लोहाचा कण, भोवती शर्करेच्या जातीचं कवच, अशी सगळ्यांची घडण. फरक कवचाच्या पकडीचा. सुक्रोजची पकड सैल. एकदम हजार दिलं तर मोकळं लोह रक्तात इतकं सुटेल की त्याला वाहून नेणारं प्रथिन पुरणार नाही, रक्तदाब पडेल, उलट्या होतील. म्हणून दोनशे-दोनशे. बाकी दोघांची पकड घट्ट, लोह सावकाश सुटतं, म्हणून मोठा डोस पेलतो. २०१९च्या एका चाचणीत पंधराशेहून जास्त रुग्णांत डेरिआयसोमाल्टोजचा एकच १००० मिग्रॅ डोस आणि सुक्रोजच्या खेपा यांची तुलना झाली. पहिल्या दोन आठवड्यांत डेरिआयसोमाल्टोजवाल्यांचं हिमोग्लोबिन लवकर चढलं, आठव्या आठवड्याला दोन्ही गट एकाच पायरीवर. गंभीर अ‍ॅलर्जी अनुक्रमे ०.३ टक्के आणि ०.४ टक्के.

शेंडेफळ

मग सरळ रक्तच चढवून घेतलं तर? एका बाटलीत काम होईल.

फुरसतीतली_डॉक्टर

होत नाही ना. रक्ताच्या एका पिशवीत लोह २०० ते २५० मिग्रॅ. ताईंची तूट १५००. रक्त चढवायचं ते छातीत दुखतंय, श्वास पुरत नाही, जोरात रक्त जातंय अशा वेळी. चालत-बोलत असलेल्या माणसाला नाही.

निळावंती

मी एरवी लिहीत नाही, पण हा धागा सोडवेना.

मला क्रोन्स (आतड्याचा जुनाट आजार) आहे. गोळ्या चालतच नाहीत. दीड वर्षात चार वेळा कार्बोक्सिमाल्टोज घेतलं. पहिल्या वेळी स्वर्ग! दहा दिवसांत घर आवरलं, माळा काढला. दुसऱ्यानंतर तसं काही वाटलं नाही. तिसऱ्यानंतर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तीच मरगळ, मांड्यांत दम नाही, खुर्चीतून उठताना हाताचा रेटा द्यावा लागे, आणि कमरेत, पावलात दुखायला लागलं. मी ज्या रुग्णालयात जात होते तिथे सांगितलं, तर म्हणाले आयर्न परत कमी झालं असेल. चौथी बाटली लावली. त्यानंतर मला जमिनीवर उजवं पाऊल टेकवेना.

एका दुसऱ्या डॉक्टरांनी पावलाचा एमआरआय काढला आणि एक साधी रक्ततपासणी केली, फॉस्फरसची. १.३ आला. २.५च्या वर हवा. पावलाच्या हाडाला बारीक तडा होता, पडले नव्हते, आपटले नव्हते. दीड वर्षात माझं हिमोग्लोबिन चौदा वेळा मोजलं गेलं, फॉस्फरस एकदाही नाही. सगळ्या रिपोर्टांची फाइल मी मांडीवर घेऊन मोजले, म्हणून चौदा म्हणते.

मी कुणाला घाबरवत नाहीये. आयर्नने मला उभं केलं हेही तितकंच खरं. पण अबोली, तू ठरवायच्या आधी हे विचार.

जुनी_परिचारिका

निळावंती, वाचून वाईट वाटलं. खरं सांगते, आमच्याकडेही काही वर्षांपूर्वीपर्यंत हे कुणी बघत नव्हतं. "थकवा आहे" म्हटलं की आम्ही पुढची बाटली तयार करायचो.

काठावरचा

पण हे अपवादात्मक असेल ना? माझ्या सासऱ्यांचं हृदय कमजोर आहे, त्यांनी दोनदा हेच घेतलं. पायऱ्या चढतात आता, काही झालं नाही.

फुरसतीतली_डॉक्टर

दोघंही खरं बोलताय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

हाडांच्या पेशी एफजीएफ-२३ नावाचं संप्रेरक तयार करतात. ते मूत्रपिंडाला सांगतं, फॉस्फरस लघवीवाटे टाक. लोह कमी असताना हे जास्त बनतं, पण शरीर त्याचे तुकडे करून टाकतं म्हणून भागतं. कार्बोक्सिमाल्टोज दिल्यावर हे तुकडे करणं अडतं. अख्खं संप्रेरक रक्तात फिरत राहतं आणि फॉस्फरस वाहून जातो. त्याच झटक्यात क्रियाशील ड जीवनसत्त्वही खाली येतं. हे लोहाने होत असतं तर तिन्ही औषधांनी सारखंच झालं असतं. तसं होत नाही, म्हणजे हा त्या विशिष्ट कवचाचा गुण दिसतो.

२०२०मध्ये दोन चाचण्या एकत्र प्रसिद्ध झाल्या, याच दोन औषधांच्या. फॉस्फरस २च्या खाली गेलेले रुग्ण : कार्बोक्सिमाल्टोजच्या गटात एका चाचणीत ७५ टक्के, दुसरीत ७४. डेरिआयसोमाल्टोजच्या गटात दोन्हीकडे ८च्या आसपास. तेव्हा काठावरचा, फॉस्फरस उतरणं हा अपवाद नाही, तोच नियम आहे. अपवाद आहे तो त्याचा त्रास होण्याचा. बहुतेकांचा आकडा दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास तळ गाठतो, काही आठवड्यांत वर येतो, त्यांना पत्ताही लागत नाही. निळावंतींसारखं होतं ते पुन्हा पुन्हा डोस घेणाऱ्यांचं, त्यातही आतड्याचं दुखणं किंवा आधीच ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांचं. हाडं मऊ होतात, तडे जातात.

सासऱ्यांना ते देणं बरोबरच होतं. हृदयाच्या कमजोरीत सलाइनमधल्या आयर्नवर जे मोठं काम झालं त्यातलं बरंचसं कार्बोक्सिमाल्टोजवरच आहे, २००९पासून. डेरिआयसोमाल्टोजची मोठी चाचणी २०२२ची. शिवाय त्यांच्या रिपोर्टमध्ये फेरिटिन ८०-९० दिसलं आणि "हे तर नॉर्मल आहे, मग आयर्न का" असा प्रश्न पडला असेल तर : हृदयरोगात १००च्या खाली तूटच धरतात, आणि १०० ते २९९मध्ये ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलंय ते) २० टक्क्यांखाली असेल तरी. शरीरात आतून दाह (इन्फ्लमेशन) असला की फेरिटिन खोटं फुगतं.

डायलिसिसवाल्यांना फॉस्फरसची ही काळजी सहसा नसते, मूत्रपिंडातून तो बाहेर टाकलाच जात नाही. त्यांना आठवड्यातून तीनदा सुई लागलेलीच असते, म्हणून तिथे सुक्रोज अगदी सोयीचं. तेच 'खेपा फार' म्हणून आपण ज्याला नाक मुरडलं ते.

यातली वाईट गोष्ट अशी की फॉस्फरस कमी झाल्याची लक्षणं आणि आयर्न कमी असल्याची लक्षणं पेशंटच्या तोंडून एकाच शब्दात येतात : थकवा. म्हणून बाटलीनंतर महिना-दोन महिन्यांत हिमोग्लोबिन चांगलं असूनही थकवा परत आला, हाडं दुखायला लागली, तर पुढच्या बाटलीआधी फॉस्फरस. हे एवढं तरी फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

गणितवाला

म्हणजे खेपांच्या गणितात बरोबरी झाली होती ती इथे सुटली. अबोलीताईंच्या फायब्रॉइडचं काही होईपर्यंत वर्षभरात पुन्हा बाटली लागणार का, हा खरा प्रश्न. एकदाच लागणार असेल तर दोन्ही चालतील. पुन्हा लागणार असेल तर मी डेरिआयसोमाल्टोजकडे झुकेन. (मी इंजिनिअर आहे, माझ्या झुकण्याला फार भाव देऊ नका.)

पाणपोई

मध्येच विचारते, माफ करा. तिसरा महिना लागायचा आहे, हिमोग्लोबिन ९. मला चालेल का?

फुरसतीतली_डॉक्टर

पहिल्या तीन महिन्यांत सलाइनमधून आयर्न देत नाहीत. चौथ्यापासून गरज असेल तर देतात. तोवर गोळ्या, आणि तुमच्या डॉक्टरांना आजच सांगा, वाट बघू नका.

दूरदेशी

इकडे मला फेरुमॉक्सिटॉल हे सलाइनमधलं आणखी एक आयर्न सुचवलंय, ते कुणी लिहिलं नाही.

फुरसतीतली_डॉक्टर

५१० मिग्रॅचे दोन डोस, तीन ते आठ दिवसांच्या अंतराने. गंभीर अ‍ॅलर्जीबद्दल अमेरिकेत २०१५पासून त्याच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा आहे, युरोपच्या बाजारात ते राहिलेलं नाही. आणि चुंबकाला ओढ लावणारं औषध आहे हे, तीन महिन्यांपर्यंत एमआरआयची चित्रं बिघडवू शकतं. तुमचा एमआरआय ठरलेला असेल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं माहीत असू द्या.

हिशेबनीस

वडील ६४, फेरिटिन ९. आयर्नच्या दोन बाटल्या झाल्या, हिमोग्लोबिन १२ झालं, सगळे खूश. हा धागा वाचून सहज विचारतोय, अजून काही करायचं राहिलंय का?

फुरसतीतली_डॉक्टर

हो. राहिलंय. पुरुषाचं, आणि पाळी गेलेल्या बाईचं, लोह असं रिकामं होत नाही, ते कुठून तरी जातंय. वरून आणि खालून दोन्ही दुर्बिणी झाल्या आहेत का? झाल्या नसतील तर या आठवड्यात पोटाच्या डॉक्टरांची वेळ घ्या. हिमोग्लोबिन १२ झालं म्हणून थांबू नका, उलट ते वाढल्यामुळे गळती झाकली जाते.

हिशेबनीस

नाही झाल्या. घेतो वेळ. आभार.

जुनी_परिचारिका

अबोलीताई, काही ठरलं का? बाटलीच्या दिवसासाठी दोन गोष्टी माझ्याकडून.

एक, डाग. सुई शिरेतून सरकली आणि औषध कातडीखाली गेलं तर तपकिरी डाग पडतो, महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं. चोळून जात नाही, मलमाने जात नाही. म्हणून आम्ही आधी साधं सलाइन सोडून शीर तपासतो, मग औषध. तुम्ही हात कोपरातून दुमडू नका, मोबाइल दुसऱ्या हातात धरा, आणि जरा जरी आग झाली, फुगल्यासारखं वाटलं तर लाजू नका, ओरडा. "सिस्टरला त्रास कशाला" म्हणून गप्प बसलेल्या एका मुलीच्या हातावर तळव्याएवढा डाग बघितलाय मी.

दोन, त्या दिवशी ताप, घसा, लघवीची जळजळ, काहीही इन्फेक्शन असेल तर घरूनच फोन करा. जंतूंनाही लोह आवडतं. आठवडाभर पुढे ढकललं तर काही बिघडत नाही.

अबोली_फुले

ठरलं! डॉक्टरांकडे गेले आणि निळावंतीचा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवला. ते दोन मिनिटं गप्प होते, मग म्हणाले, "फॉस्फरस आणि ड जीवनसत्त्व करू." फॉस्फरस ३.१ आला, ड मात्र ९, म्हणजे कमी. शस्त्रक्रियेला अजून निदान पाच महिने, म्हणजे मध्ये पुन्हा आयर्न लागू शकतं. हे दोन्ही बघून डेरिआयसोमाल्टोज घ्यायचं ठरलं, १००० आणि आठवड्याने ५००. सुक्रोज शिरांमुळे बाद, सिस्टरनी तीन ठिकाणी टोचून चौथ्या जागी शीर मिळवली, तेव्हा जुनी_परिचारिका यांची फार आठवण झाली.

आता प्रत्यक्षातलं. बाटली सुरू झाली आणि चार-पाच मिनिटांत छातीवर कुणी उशी दाबल्यासारखं झालं, तोंड गरम झालं, कमरेत कळ. मला वाटलं मामी! सिस्टरनी काहीही न बोलता चाप बंद केला, रक्तदाब घेतला, ऑक्सिजन बघितला, घसा-जीभ-कातडी बघितली. सगळं ठीक. दहा मिनिटांत उशी उतरली. वीस मिनिटांनी निम्म्या वेगाने पुन्हा सुरू केलं आणि पूर्ण बाटली गेली. काय होतं ते?

फुरसतीतली_डॉक्टर

याला फिशबेन रिअ‍ॅक्शन म्हणतात. छाती जड, चेहरा लाल, कंबर-सांधे दुखणं, पण रक्तदाब पडत नाही, अंगावर पित्त उठत नाही, घसा सुजत नाही. ही खरी अ‍ॅलर्जी नव्हे, थांबलं की आपोआप उतरते. तुमच्या सिस्टरनी अगदी योग्य केलं, आणि जे केलं नाही तेही योग्य : घाईने जुन्या पद्धतीचं अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन दिलं नाही. त्यानेच कधी कधी रक्तदाब उतरतो, गुंगी येते, मग साध्या रिअ‍ॅक्शनला गंभीरचा शिक्का बसतो आणि पेशंटला जन्मभर आयर्न नाकारलं जातं.

पण हे वाचणाऱ्यांनी घरी बसून स्वतःचं निदान करायचं नाही. छाती जड झाली की सांगायचं, काय आहे ते तिथले लोक ठरवतील.

अबोली_फुले

दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं, सांधे ठणकले, किंचित ताप. दोन दिवसांत गेलं. तेही औषधाचंच असतं म्हणे. दुसरी बाटली विनातक्रार, दुसऱ्या हातातून.

शेंडेफळ

ताजा कलम : माझं फेरिटिन ६ आलं. हसणाऱ्यांची तोंडं बंद. आणि आतेबहिणीने बाटलीनंतर पाचव्या दिवशी फेरिटिन केलं तर ७०० आलं, ती घाबरून रडायला लागली आहे.

जुनी_परिचारिका

तिला सांगा, रिपोर्ट कपाटात ठेवून दे. बाटलीनंतर महिनाभर तरी फेरिटिन करायचं नसतं, आकडा फुगलेलाच येतो. आम्ही चार ते आठ आठवड्यांनी बोलावतो.

निळावंती

विचारलं होतं कुणीतरी व्यनित (खाजगी निरोपात) म्हणून इथेच लिहिते. माझं औषध बदललं, फॉस्फरस हळूहळू वर आला, चार महिने लागले. पाऊल जुळलं. अजून चप्पल शोधताना मऊ तळ बघते, सवय लागली आहे.

अबोली_फुले

सहा आठवडे झाले. हिमोग्लोबिन ११.४, फेरिटिन १३०, फॉस्फरस २.८. जिन्यात थांबत नाही. पाय रात्री शांत आहेत.

बर्फाचं मात्र मला कळलंच नाही कधी गेलं ते. पहिल्या बाटलीनंतर आठवडाभराने पाहुणे आले, सरबतात घालायला ट्रे काढला तर भरलेला. घरात सगळ्यांना विचारलं कुणी भरून ठेवला. कुणीच नाही. मीच आठ दिवसांपूर्वी भरला होता.

शस्त्रक्रियेची तारीख मिळाली की इथेच कळवते. तोवर या दोन पाळ्यांत किती खाली येतंय ते गणितवाल्यांसाठी लिहून ठेवते आहे.

गणितवाला

तारखेसकट लिहा. मिलिमध्ये जमलं तर सोन्याहून पिवळं.